अतिप्रदान

नोटीस कोतवालानं आणली,
मे महिन्यात, उन्हं डोक्यावर यायच्या आत.
माय खाटेवर जुनं लुगडं अंथरून
मुंगवड्या टाकत होती.
तिचे हात डाळीचे, म्हणून सही मी केली.
सायकलवरून न उतरता तो म्हणाला,
"हळू वाचजो पोरी, शेजारी कान देऊन असते."
मी मोठ्यानंच वाचलं.

कु. मोनाली नेवारे हिचे वय अकरा सप्टेंबर रोजी
अठरा वर्षे पूर्ण झाले असल्याने
तदनंतरचे सात महिन्यांचे संगोपन अनुदान,
रुपये पंधरा हजार सातशे पन्नास फक्त,
हे अतिप्रदान ठरते.

"म्हंजे?"
म्हणजे जास्तीचं दिलं.
"कोणाले?"
मला.
मायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
बाजारात काट्याकडे पाहते तशी.
"कुठं जास्तीची दिसतेस तू?"

अकरा सप्टेंबरला घरात काही वाजलं नव्हतं.
शाळेची खिचडी उतरवून, गंज घासून माय आली,
मी गेलेला बल्ब बदलला.
संगोपन संपलं होतं
आणि आम्ही दोघी वांग्याची भाजी खात होतो.
बाराला सकाळी ती म्हणाली, जेवून जाय.

बरं, सांगितलं नव्हतं असंही नाही.
दिवाळीआधी माझा दाखला पदरात गुंडाळून
ती समुद्रपूरला जाऊन आली.
"भाऊ, पोरगी अठराची झाली,
नाव काढा लागते का?"
कॉम्प्युटरवरचा रुपेश हसला.
"पोर्टल बंद आहे काकू. येते तर येऊ द्या.
लक्ष्मीले कोणी हाकलते का?"
रुपेश आता पुण्याला असतो.
मायच्या सांगण्याला आवक क्रमांक नाही.

पैसे गेले कुठं ते मला तोंडपाठ आहे.
चष्मा. नर्सिंगचा फॉर्म, परत एकदा फॉर्म,
कारण पहिल्यात माझं आडनाव चुकलं.
डिसेंबरात दोघींना मिळून एक ब्लँकेट.
ते परत द्यायचं तर कोणत्या टोकापासून?

रात्री तिनं वाळलेल्या मुंगवड्या पुढं घेतल्या.
साडेसातशेची एक, असं म्हणत
मांडत गेली ताटात. एकवीस झाल्या.
"एकवीस महिने. होऊन जाते."
त्या एकवीस तिनं वेगळ्या बरणीत भरल्या.

वर्ध्याच्या ऑफिसातले उमाटे साहेब वाईट नव्हते.
पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं,
"एकरकमी भरायचे असतात, बाई," म्हणाले
आणि तरी हप्त्यांचा अर्ज लिहून घेतला.
अंगठा नको, सही करते, माय म्हणाली.
मग उठता उठता विचारलं,
"साहेब, शाळेतलं मायं चार महिन्याचं मानधन
अडकून हाय. त्याले काय म्हंते?"
साहेबांनी चष्मा काढून पुसला.
"तो विभाग वेगळा. दुसरा माळा."
दुसऱ्या माळ्यावर जेवणाची सुट्टी होती.
अतिप्रदानाचा छापील नमुना तीन प्रतींत मिळतो.
कमी दिल्याचा आम्हाला कुणी दाखवला नाही.

पहिली पावती मायनं पत्र्याच्या पेटीत ठेवली,
माझ्या अंगणवाडीच्या कार्डाखाली.
त्या कार्डावर दीड वर्षाची मी आहे,
रेषेच्या खाली, लाल पट्ट्यात एक टिंब,
आणि ताईंच्या अक्षरात: वजन कमी.
ते टिंब मी बराच वेळ पाहत बसले.

आता दर महिन्याला पैसे भरून आलो
की बरणीतली एक मुंगवडी भाजीत पडते.
इतर मुंगवड्या असतातच रश्श्यात,
पण ती एक कोणाच्या वाटीत येते
याकडे दोघींचं लक्ष असतं.

तीन हप्ते झाले. काल तिनं बरणी मोजली.
"सतराच कशा? अठरा पायजे."
मी तोंड मिटून उभी. दाढेखाली
कच्च्या डाळीची चव.
"अतिप्रदान झालं," म्हटलं मी.
माय आधी काहीच बोलली नाही.
मग नोटीस आल्यापासून पहिल्यांदा
पदर तोंडाशी धरून हसली,
आणि वाटाण्यात येईल तेवढी डाळ
पुन्हा भिजत घातली.