तिसऱ्या रिळातली

तुझं नाव यायचं उभ्या अक्षरांत.
शाहूपुरीत ते कोण वाचणार?

तू खानावळीतली. हातात किटली,
समोर सात गुंड, मधे एक बाकडं,
आणि चहाचा थेंब सांडला नाही.
गंगावेशीतली तालमीची पोरंसुद्धा
शिट्टी मारायची विसरली.

मग बाण. मग नायकाची गोष्ट पुढं.

इलाई मिस्त्री म्हणायचे,
लगा, पट्टी जुनी हाय, तुटली की काप, चिकटव.
नेमकी तुझ्यापाशीच तुटायची.
मी कापत गेलो.
शुक्रवारी पूर्ण हसायचीस,
मंगळवारी अर्धंच,
दुसऱ्या आठवड्यात तर
किटली खाली ठेवायच्या आतच बाण.
पब्लिकनं कधी तक्रार केली नाही.

टॉकीजच्या जागेवर आता मंगल कार्यालय.
माझ्याकडं चुन्याच्या डबीत
तुझे अकरा तुकडे.
ट्यूबलाइटसमोर ओळीनं धरले
तर अर्धा सेकंदही भरत नाही,
पण तेवढ्यात तू मान वळवतेस,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.

मिस्त्री तुला किटलीवाली म्हणायचे.
मीही तेच म्हणतो,
हळू,
डबीचं झाकण लावताना.