मुठीचं माप

वेर्णेच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर
सहा काचेची पोटं रांगेत उभी आहेत.
सदतीस अंश. मिनिटाला पन्नास फेरे.
वल्ही फिरतात, पाणी घुसळतं,
भूक मात्र कुणालाच नाही.
मी एकेका पोटात एकेक गोळी सोडते
आणि सकाळी आम्हीच कालवलेलं जठराचं आम्ल
तिला चाटू लागतं.

ही कुड्याची साल. म्हणजे, होती.
आता तपकिरी भुकटी, स्टार्चच्या संगतीत दाबलेली,
अंगावर पॉलिमरचं पातळ कातडं.
दोन तास आम्लात गप्प राहायचं,
आतड्यात पोचल्यावर बोलायचं:
अडीच वर्षं आम्ही तिला एवढंच शिकवतोय.

चाळिसाव्या मिनिटाला पाचवं पोट पिवळं पडलं.
ज्यूडिट फुर्तादो चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली,
"हिनं परत तोंड उघडलं बघ."
वहीत मी लिहिलं: पाच क्रमांक, नापास.
कारण: — .

कारणाच्या जागी मला शेवंती वेळीप आठवते.
गावडोंगरीला गेलो होतो आम्ही, गेल्या फेब्रुवारीत,
काणकोणहून पुढे जीप, मग पायवाट,
पिशवीत परवानगीचं पत्र, तराजू, ओलावा मोजायचं यंत्र.
तिनं पत्र उलटसुलट पाहिलं, शांतपणे वाचलं,
आणि खाली वळणदार अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं.
मी शाईचा पॅड काढून ठेवला होता.
तो तसाच पिशवीत सरकवला.

कुठली साल, कुठल्या बाजूची, कुठल्या वेळी,
ती दाखवत गेली, सांगत नव्हती.
खोदून विचारलं तर म्हणाली,
"सांगल्यार गूण वता."
मला हसू आलं. आम्हालाही कंपनीनं
अकरा पानांवर सही करायला लावलीय,
मराठीत त्याचा अर्थ हाच होतो.

पण माप? माप तरी?
छापील तक्त्यात रकाना होता: डोसाचा आधार.
तिनं माझा हात धरून सालीच्या ढिगात खुपसला.
मीट, म्हणाली. मी मूठ मिटली.
जेवढी मावली तेवढी तुझी.
पोराची पोराच्या मुठीनं, म्हाताऱ्याची म्हाताऱ्याच्या.
ताकात उगाळून. तीन सकाळी.
दुसऱ्याच्या मुठीची कुणी घ्यायची नाही.

रकान्यात मी तेव्हा लिहिलं: अनिश्चित.

आज रात्रपाळीला, आम्ल निवत असताना,
उरलेल्या सालीची बरणी मी उघडली.
माझी मूठ: अकरा ग्रॅम.
ज्यूडिटची: तेरा, "अंगठी काढून," ती म्हणाली.
रखवालदार रुझारला वर बोलावलं,
त्याच्या मुठीत चोवीस मावले, तीन खाली सांडले.
त्याच्या मोबाइलवर लेकीचा फोटो होता, सहा वर्षांची,
आइस्क्रीमचा कप धरलेला हात.
आम्ही तिघं बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिलो,
अंदाज करत. ज्यूडिट म्हणे चार.
रुझार म्हणे पाच, ती खादाड आहे.

झाकली मूठ, म्हणतात. सव्वा लाखाची.
आमची गोळी सगळ्यांना सारखीच, पाचशे मिलिग्रॅम,
फळीवर ठेवायला सोपी, रंगानं फिकट गुलाबी.
ती वाईट नाही.
काणकोणच्या दवाखान्यात मध्यरात्री कुणाचं पोर
आटून चाललं असेल, तर तिथे शेवंती नसेल,
फळी असेल. म्हणून कातडं नीट बसायला हवं.

पण तो रकाना मी आज खोडला.
वर बारीक अक्षरांत लिहिलं: रुग्णाची मूठ.
सकाळी कुणीतरी विचारेल, हे काय एकक आहे.
विचारू दे.

पाचवं पोट मी धुतलं, तीनदा, गरम पाण्यानं.
नवीन गोळ्या. नवीन आम्ल.
घड्याळ शून्यावर. ज्यूडिटनं बोट ओठांवर ठेवलं,
जणू ते गोळीला ऐकू जाणार आहे,
आणि आम्ही वाट बघत बसलो
कोण पहिलं बोलतंय याची.