डावं-उजवं

डावीकडे घर.
उजवीकडे विल्मारची नवी डिस्क, कोरी,
कालच घेतलेली, पावतीसकट.
मधे एक राखाडी पट्टी, बोटभर.
माउसने धरून सरकवता येते. विल्मार सरकवून बघतो:
"म्हणजे माझी बाजू मोठी होईल?"
दिसायला होईल, मी म्हणतो. आत आहे तेवढंच.

मी दुरुस्तीवाला. तासावर पैसे घेतो.
मोन्तेविदेओत, नदीला समुद्र म्हणणाऱ्यांच्या या गावात,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
नेल्बा दार उघडते तेव्हा माते प्यायचा तुंबा तिच्या हातात.
नळीतून एक घोट स्वतः घेते, गरम पाणी ओतून
पुढचा मला देते. त्याला नाही.
आमच्याकडे याहून मोठं भांडण
आवाज चढवूनही करता येत नाही.

फोल्डर उघडायचं, हरवायचं, पुन्हा शोधायचं,
तू कुठे टाकलंस, मी कुठे टाकलं,
असे तीन रविवार गेल्यावर मला फोन आला,
म्हणून मी हा छोटा प्रोग्रॅम घातला.
दोन खिडक्यांना शेजारी धरून ठेवतो.
एकीला ओढलं तर दुसरी मागोमाग येते,
एक मिटली की दुसरीही मिटते.
"हे आधी कुठे होतं?" नेल्बा म्हणाली.
कुणाला म्हणाली, कळलं नाही.

आता नीट ऐका.
एफ-पाच म्हणजे नक्कल. वस्तू दोन्हीकडे.
एफ-सहा म्हणजे हलवणं. इथून उठते, तिथे जाऊन बसते,
भिंतीवरची तसबीर काढल्यावर राहतो
तसला चौकोनही मागे राहत नाही.
"सहा," नेल्बा म्हणते.
सगळ्याला?
"सगळ्याला."

विल्मारच्या आईचे फोटो गेले.
फुटबॉल गेला, एकशेबारा गिगाबाइट, बराच वेळ जात राहिला.
कराचे कागद निघाले तेव्हा तिने माझं मनगट धरलं:
"ते पाच कर."
मग कोलोनियाची सहल आली. पाच.
आगगाडीच्या डब्यात झोपलेली कुणाची तरी चप्पल. पाच.
वॉशिंग मशीनची पावती, मशीन भंगारात जाऊन सहा वर्षं झाली,
ती कशाला जपली दोघांनाही आठवेना. पाच.
सहावरचं माझं बोट बेकार झालं.

मग 'कुत्रा'. 'कुत्रा-२'. 'कुत्रा-खरा'.
'कुत्रा-खरा' उघडला तर कुत्रा नाहीच.
पाण्याकाठचा लांब कट्टा, माइकवर थडाथड आपटणारा वारा,
आणि कुणीतरी हाका मारतंय, पेलुसा, पेलुसा,
एक आवाज जवळून, एक लांबून,
लांबचा जवळ येत येत
अकराव्या सेकंदाला तुटलेला.

"तूच ठेव," विल्मार म्हणाला.
"मला नको. तू घे."
निळी पट्टी त्या ओळीवर थांबलेली.
प्रोग्रॅमला पाच कळतं, सहा कळतं,
नको-नको म्हणत पुढे केलेलं काही
त्याच्या कुठल्याच बटणात नाही.
मी आजवर गिऱ्हाइकांत डावं-उजवं केलेलं नाही,
धंद्यात परवडत नाही.
तुंबा तोंडाला लावल्यासारखं केलं
आणि डाव्या हाताने पाच दाबलं.

शेवटी तुलना करायचं बटण असतं.
दोन बाजूंत जे जुळत नाही ते लाल होतं.
लाल शोधावं लागलं.
आईचे फोटो, फुटबॉल, बस.
बाकी ओळीमागे ओळ, इकडे तशीच तिकडे,
नाव तेच, वजन तेच, तारीखही तीच.
नेल्बा खुर्ची ओढून जवळ आली, चष्मा वर केला,
मग काही न बोलता
तुंब्यात पाणी घालून त्याच्यापुढे ठेवला.
पाणी आता कोमट असणार.
तो प्यायला.

बंद होताना प्रोग्रॅम विचारतो, दरवेळी विचारतो:
पुढच्या वेळी हीच मांडणी उघडायची?
मी 'हो' दाबलं. सवयीने म्हणा.

तीन तासांचे झाले.
निम्मे त्याने दिले, निम्मे तिने,
वेगवेगळ्या पाकिटांतून, मोठमोठ्या नोटा.
दोघांकडेही सुटे नव्हते.