तिसरा माड

काळा कोट घालणाऱ्या माणसाला
डोक्यातलं फारसं काही लपवता येत नाही.
म्हापशाच्या कोर्टात अकरा वर्षं
मी उठलो की आधी डाव्या हाताने खांदे झटकायचो.
कारकुनांना वाटायचं, ही वेरेंकर वकिलांची ऐट.

कोंडा होता.

लिंबू झालं. आंबट दही झालं.
मेथ्या रात्रभर भिजवून, वाटून,
रविवारी डोक्यावर थालीपिठासारख्या थापल्या
आणि गॅलरीत बसलो, तर समोरच्या तारेवर
एक कावळा येऊन
मान वाकडी करून बघत राहिला,
पानात काय वाढलंय ते.
जास्वंदीच्या पानांनी निदान फेस तरी आला.
सोमवारी कोट चढवला. पुन्हा पीठ.

मग कामुर्लीचा दावा आला.
वादी झेफेरिनो, माझा पक्षकार.
प्रतिवादी त्याची सख्खी आत्या,
एर्मेलिंदा मास्कारेन्यस, वय वर्षं एकोणऐंशी.
भांडण बांधावरच्या तीन माडांचं.
दोघांबद्दल वाद असा नाहीच,
पण तिसरा वाकडा वाढलेला:
मूळ तिच्या कुळागरात, शेंडा आमच्यावर.
नारळ आमच्याकडे पडतात,
रेंदेर मात्र तिच्या बाजूने चढतो.

पहिल्या तारखेला, व्हरांड्यात,
माझा पुकारा होत असताना
कुणीतरी मागून खांद्यावरून हात फिरवला,
टेबलावरचे पावाचे कण पुसावेत तसा.
वळलो. ती.
"इतलो शिकलेलो मनीस," ती म्हणाली,
आणि हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या तारखेला पिशवीतून बाटली काढली,
फेणीची जुनी, तोंडाला कापसाचं बूच.
आत माडाचा विनागर.
सूर मातीच्या भांड्यात आंबवून
तापल्या कौलाचा तुकडा टाकून मुरवलेला.
"एक वांटो हो, चार वांटे उदक.
दोळे धांप. नखां लावं नाका.
लांच न्हय ही.
जाय जाल्यार न्यायाधीशाक दाखय."

मी घेऊ नये, हे मला कळत होतं.
मी घेतली.

रात्री न्हाणीत मगाने मोजून
एकास चार, डोळे मिटून.
कानामागे गार ओघळ, मग झणझण,
जिथे अकरा वर्षं खरवडलं होतं तिथे नेमकी.
बाहेर आलो तर घरभर विंदालूचा वास.
शुभांगिनी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली,
"आता तुम्हाला परतायचं, की अजून मुरू द्यायचं?"

आठवड्यातून दोनदा. तेल बेताचं.
उशीचा अभ्रा रोज बदलायचा, ही अट शुभांगिनीची.
तिसऱ्या आठवड्यात डोकं गप्प झालं,
खटल्याच्या मधल्या सुट्टीत कोर्ट गप्प होतं तसं.

उलटतपासणी.
"तिसऱ्या माडाची सूर तुम्ही काढता, हे खरं ना?"
"खरें."
"किती निघते?"
"मोजूंक ना."
"तिचं पुढे काय करता?"
"विनागर."
"विकता? कुणाला देता? नाव सांगा."
मी आवाज चढवला होता. चढवायचा असतो.
तिने चष्मा पुसला. सावकाश.
"तें तूं आपल्या तकलेक विचार."

न्यायाधीशांनी मान वर केली.
टायपिस्ट मुलगी थांबली, हे लिहायचं का?
माझा डावा हात सवयीने खांद्यावर गेला
आणि तिथे झटकायला काही नव्हतं.
"आणखी प्रश्न नाहीत," मी म्हणालो.
झेफेरिनो माझ्याकडे बघत होता
आणि मी भिंतीवरच्या पंख्याकडे.

तारीख पडली, चवथीनंतरची.
जिन्यावर ती कठड्याला धरून
एकेक पायरी उतरत होती.
मी दोन पायऱ्या मागे थांबून राहिलो,
पुढे जावं की हात द्यावा,
वकीलपत्रात त्याबद्दल काही नसतं.
खालून तीच म्हणाली, न वळता,
"रिकामी जाली जाल्यार बाटली परत दी.
म्हजे कडेन बाटल्यो कमी आसात."

अर्धी शिल्लक आहे अजून.
न्हाणीच्या कोनाड्यात, साबणामागे.
तळाला थोडा गाळ बसलाय, कौलाच्या रंगाचा.
हल्ली मी ती हलवत नाही.