निळा कॅन

"पोरबीर नाय हो बागेत," बागायतदार म्हणाले,
"दोन गडी, एक बाई, नि वानरांसाठी कुत्रं."

मी वही मिटली, स्कूटर वळवली,
तेवढ्यात गडग्यापलीकडे
कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला.
मोठी माणसं असा बडवत नाहीत,
ताल चुकला म्हणून
पुन्हा पहिल्यापासून.

मनसरा बोहरा. वय?
आई बोटं मोजते, मग सोडून देते.
"इथले मोहोर चार.
गावाकडची थंडी धरायची का?"
मी सहा लिहिते, पेन्सिलीने.

प्यायच्या पाण्याला फवारणीचा निळा कॅन.
लेबलावरची कवटी हाताळून पुसट झालेली.
मनसरा तिला बाबू म्हणते,
पाणी ओतून झालं की तिचे गाल पुसते.

मी कॅन उचलला. ती रडली नाही.
उतारावर मागोमाग आली, एवढंच विचारलं,
बाबू कुठे झोपणार?

पावस ते रत्नागिरी
पायांमध्ये रिकामा कॅन, खाडीच्या वाऱ्याने घुमणारा.
ऑफिसात नोंद केली:
स्टीलची कळशी, एक, दिली.
कॅन, एक, जमा.

सोमवारी लसीचा डबा घेऊन जायचंय.
बडव म्हणणार नाही मी.
बडवला, तर थांबेन.