हद्द कायम

तिकीट भाचीने काढलं. म्हणाली,
मावशी, एवढी वर्षं खाली बघत चाललीस,
आता एकदा वरून बघ.

केळशीच्या सड्यावर पावणेसहाला
कातळभर पसरलेलं ते कापड
आधी पंख्याने फुगलं, मग आगीने उठून बसलं,
तापातून उठलेलं माणूस बसतं तसं,
जरा इकडे, जरा तिकडे.
पायलट हर्णैचा, नाझीम मुकादम, आधी बोटीवर होता.
"मतलई वारा आहे, बाई. खाली राहिलो तर दर्यात जाऊ.
वरचा वारा परत आणेल."
मी टोपलीची कड धरली.
टोपली म्हणजे टोपलीच हो,
आंबे भरतात तशी, फक्त पेंढा नव्हता.

जमीन कधी सुटली कळलं नाही.
कळलं तेव्हा सुरूंचे शेंडे पायाखाली
आणि एक कुत्रं आमच्यावर भुंकत होतं.
ते ठिपका झालं तरी भुंकणं तेवढंच.
आवाज सगळे वर येतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.
पंपाचा ठोका, कुणाची तरी खोकल्याची उबळ,
आणि एक बाई म्हणाली, "ऊठ रे, किती वेळ".
मीही जरा सरळ उभी राहिले.

थोडा वेळ खरंच समुद्रावर होतो.
पाण्याला गट नंबर नसतो,
त्यामुळे काय बघावं मला सुचेना.

मग सूर्य.
तो डोंगराकडून आला.
पुण्याचं जोडपं समुद्राकडे मोबाइल धरून उभं होतं,
त्यांना वळायला उशीर झाला.
ऊन आधी खाडीला लागलं, मग मोहोराला,
मग भाजावळीच्या काळ्या चौकोनांना,
आणि वरच्या वाऱ्याने आम्हाला परत आणलं
माझ्या नकाशावर.

चौतीस वर्षं मी याचे तुकडे मोजले.
पोटहिस्से, साखळ्या, आणे,
उन्हात टेबल मांडून,
कुणाच्याही घरचा चहा न घेता
(घेतला की दुसरा भाऊ म्हणणार, बाई फुटल्या).

वरून हद्दी पुसल्या जातात म्हणे.
काही पुसलं जात नाही.
तिरक्या उन्हात प्रत्येक गडग्याला सावली पडते,
एकाचे दोन दिसतात.

ती शिगवणांची वाडी. तो फणस.
एकोणनव्वदचा चैत्र,
एका बाजूला रुमाजी, दुसऱ्या बाजूला धोंडू,
आणि जुन्या टिपणात लिहिलेलं:
पऱ्याच्या वळणापासून सात साखळ्या.
मी वळण धरलं, मोजलं, दगड पुरला.
धोंडूने अंगठा दिला
आणि मरेपर्यंत भावाशी बोलला नाही.

वरून पऱ्याला दोन वळणं आहेत.
दुसरं करवंदीच्या जाळीत,
जुनं, कोरडं, स्वच्छ दिसणारं,
झोपलेल्या माणसाच्या कोपरासारखं.
मनात साखळी टाकली. परत टाकली.
फणस धोंडूचा.

नाझीमने ज्योत सोडली, मानेला झळ लागली.
"एवढं काय बघताय, बाई?"
"माझी चूक."
त्या भडक्यात त्याला "माझं गाव" ऐकू आलं असावं.
छान आहे, म्हणाला.

उतरताना त्याने सुरूबन टाळलं, तारा टाळल्या,
आमराई टाळली,
उरलं एकच मोकळं खाचर.
टोपली आपटली, उडाली, पुन्हा आपटली,
आणि कापड सावकाश
फणसाच्या अंगावर जाऊन पडलं.

पोरं धावली. मागून एक तरणा गडी,
हातात कोयती, नाक थेट रुमाजीचं.
"कुणाच्या जमिनीत उतरलात, ठाव हाय काय?"
नाझीम सगळ्यांच्या वतीने माफी मागत होता.
मी पाय बाहेर काढला.
दोन हातांवर माझाच दगड, शेवाळ धरलेला.

"आधी चहा टाक," मी म्हटलं,
"आणि धोंडूच्या घरात कोण असेल
त्यालाही बोलाव."