शेरा: निरंक

पिदुरकर सरांची सेवापुस्तिका मीच लिहिली.
रुजू: एक जुलै एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, मध्यान्हपूर्व.
तेव्हा कॉलेजला मैदान नव्हतं.
तीन एकर काळी जमीन होती,
तिच्यावर चेंडू आपटला की तो तिथंच बसायचा
डबक्यातल्या म्हशीसारखा.

सरांनी मुरूम टाकला. सतरा ट्रॉल्या.
मंजुरी अकरांची होती.
उरलेल्या सहांवरून आम्ही चार वर्षं बोललो नाही.

कडी जिनिंगमधल्या भंगाराची,
जाळी सुगंधा पचारेच्या बापानं विणलेली,
जी खरं तर निर्गुडेत टाकायची होती.
रेघा राजूरच्या भट्टीतल्या चुन्याच्या,
वारा सुटला की अर्धी फ्री-थ्रो लाईन
उडून जायची कोळशाच्या रस्त्याकडे.

कापसाच्या दिवसांत पोरी सहालाच वेचणीला निघायच्या,
म्हणून सर पाचला शिटी फुंकायचे.
राजदूत चालू ठेवायचे, तिचा लाईट कडीवर.
पेट्रोलचं बिल त्यांनी कधीच टाकलं नाही.
मी वाट पाहत होतो,
नामंजूर करायला.

बोंडांनी चिरलेल्या बोटांत चेंडू धरला की
पोरी हात झटकायच्या.
"काडीकचरा न लावता बोंड खाली करते नं तुमी?
मंग त्या बोटायले हे काय जड आहे वो?
फेकू नोका. मनगट सोडा.
ठेवून द्या वरतं."
हे मला ऑफिसच्या खिडकीतून ऐकू यायचं,
आवक-जावक लिहिताना.

सत्त्याण्णव. अमरावती. आंतरमहाविद्यालयीन फायनल.
एका गुणानं गेली.
सुगंधाचा शेवटचा चेंडू कडीवर दोनदा फिरला म्हणतात.
मी नव्हतो. माझ्याकडे फक्त प्रवासभत्ता आला:
खेळाडू दहा, प्रशिक्षक एक, परतीची तिकिटं अकरा,
रात्रीच्या जेवणाचं बिल नाही.
विचारलं, हरवलं का?
म्हणाले, "कोणी जेवलंच नाही."

पोरींच्या लग्नाच्या पत्रिका कॉलेजच्या पत्त्यावर यायच्या.
सर प्रत्येक मांडवात जायचे, मागे उभे राहायचे,
अन् आहेरात एक शिटी द्यायचे.
नवरदेवाकडचे हसायचे.
खरेदी: शिट्या, नग छत्तीस.
हा आक्षेप ऑडिटात अजून उघडा आहे.

दोन हजार सहात रेखा टोंगेचा गुडघा गेला.
तिचा बाप ऑफिसात येऊन जे बोलला
ते मी इथं लिहीत नाही.
सर ऐकत राहिले. वर्षभर शिटी वाजली नाही,
कडीखाली कुत्री झोपायची.
दर महिन्याच्या दोन तारखेला मात्र
मनिऑर्डरचा फॉर्म मला भरायला द्यायचे,
आपलं अक्षर वाचता येत नाही म्हणून.
त्यांचं अक्षर चांगलं होतं.

मग एका जानेवारीत पुन्हा राजदूतचा आवाज आला.
मी घड्याळ पाहिलं नाही.

सेवानिवृत्त: एकतीस मे, मध्यान्होत्तर.
पुरस्कार: निरंक.
शिक्षा: निरंक.
विशेष नोंद
इथं पेन जरा थांबला, मग तेच लिहिलं.
दुसरा शब्द या रकान्यात बसत नाही.

शेवटच्या दिवशी खोलीचा ताबा घेतला.
पंप एक, सुया चार, एक वाकडी.
चेंडू, नोंदीप्रमाणे चौदा.
प्रत्यक्षात पंधरा.
कमी निघाला तर वसुली करता येते.
जादा निघाला तर काय करायचं, हे कुठल्याच जीआरमध्ये नाही.
म्हटलं, सर, हा कुठला?
"मोजा न पुन्हा."
तीनदा मोजले.

पंधरावा माझ्या टेबलाखाली आहे.
फाईल काढताना पाय लागतो,
भिंतीपर्यंत जातो अन् परत येतो.
हवा आहे अजून.